बॅकअप आहे, पण यंत्रणा उभी राहील का?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच ‘एम्स’मधील, ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली. रॅन्समवेअर जातीच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने संस्थेच्या सर्व्हरवरील माहिती कूटबद्ध करून टाकली होती. रुग्णांची नोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करणे, घरी सोडणे, देयके, तपासण्यांचे अहवाल ही सारी कामे पाहता पाहता कागदावर आली. दूरदूरच्या राज्यांतून रेल्वेने आलेल्या रुग्णांच्या रांगा लांबल्या आणि डॉक्टरांच्या हाती जुन्या अहवालांऐवजी रुग्णाच्या नातेवाइकांनी जपून आणलेल्या कागदांची पिशवी उरली.

पुढे सरकारने संसदेत या घटनेविषयी उत्तरे दिली. त्यांतील दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, संस्थेच्या ५ सर्व्हरना झळ पोहोचली, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली आणि नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याने हल्लेखोरांना आत शिरता आले. दुसरी, आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी सांगितलेली, अशी की, ई-हॉस्पिटलची सर्व माहिती हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून मिळाली, ती नव्या सर्व्हरवर बसवली गेली आणि प्रणालीची बहुतेक कामे दोन आठवड्यांनंतर पूर्ववत झाली.

दुसऱ्या उत्तराने अनेकांचे समाधान झाले. माहिती परत मिळाली, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात खरा प्रश्न त्याच उत्तरात दडलेला आहे. १.३ टेराबाइट म्हणजे आज तळहातावर मावणाऱ्या एका हार्ड डिस्कची धारणक्षमता. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या साध्या जोडणीवरून एवढी माहिती आदर्श परिस्थितीत तीन तासांच्या आत एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. बॅकअप शाबूत होता. मग देशातील अग्रगण्य रुग्णालय दोन आठवडे कागदावर का चालले?

त्याचे उत्तर असे की माहितीची प्रत असणे आणि त्या प्रतीतून चालती यंत्रणा उभी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. हल्लेखोर नेटवर्कमध्ये अजून कुठे दबा धरून आहे का, हे शोधावे लागते. हजारो संगणक तपासून स्वच्छ करावे लागतात. नवे सर्व्हर मिळवावे लागतात, त्यांवर यंत्रणा योग्य क्रमाने चढवाव्या लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर ‘हे बरोबर चालले आहे का’ याची खात्री करावी लागते. यांतील काही वेळ अटळ असतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु यांपैकी कोणते काम कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या यंत्रावर करायचे हे संकटाच्या दिवशी ठरवायचे, की आधी तालीम करून ठरवलेले असायचे, यावर दोन दिवस आणि दोन आठवडे यांतला फरक अवलंबून असतो. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्याला पाणी लागतेच. पण तोवर घरातले आजारी माणूस थांबत नाही.

भारतातील सार्वजनिक रुग्णालये, विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांच्याकडे ‘बॅकअप घेतला जातो का?’ अशी विचारणा होते आणि तिचे उत्तर ‘होय’ असे येते. हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘शेवटची पुनर्स्थापना करून कधी पाहिली, आणि तिला किती तास लागले?’ हा योग्य प्रश्न आहे. ज्या संस्थेकडे याचे तारखेसह उत्तर नाही, तिच्याकडे बॅकअप आहे असे मानण्याचे कारण नाही. तिच्याकडे फार तर बॅकअपसारख्या दिसणाऱ्या काही फाइली आहेत.

हे विधान कठोर वाटेल. म्हणून आजच्या यंत्रणा कशा चालतात, हे आधी पाहिले पाहिजे.

मोठ्या संस्थांत आता एका भौतिक सर्व्हरवर बहुधा एकच संगणक चालत नाही. हायपरव्हायजर नावाचा प्रोग्रॅम त्या सर्व्हरचा प्रोसेसर, स्मृती आणि साठवण यांची वाटणी करून त्यावर अनेक आभासी संगणक चालवतो. त्यांनाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मंत्रालयातील सूत्रांच्या हवाल्याने त्या वेळी आलेल्या वृत्तांनुसार ‘एम्स’मध्येही ४० भौतिक आणि ६० आभासी सर्व्हर होते. आभासी संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क ही हायपरव्हायजरच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. फाइल म्हटली की तिची नक्कल करता येते. म्हणून आभासी संगणकाचा बॅकअप घेणे हे सोपे काम वाटते, आणि विक्रेतेही ते तसेच विकतात: एक बटण दाबा, रात्री प्रत तयार होईल, सकाळी हिरवी खूण दिसेल. या हिरव्या खुणेनेच सर्वांत अधिक फसवणूक केली आहे.

पहिली फसगत स्नॅपशॉटची. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल जशीच्या तशी गोठवली जाते आणि त्यानंतरचे सर्व बदल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. एखादा बदल फसला तर ती दुसरी फाइल टाकून देऊन जुन्या स्थितीत परतता येते. सोय उत्तम आहे. पण स्नॅपशॉट मूळ फाइलच्याच खांद्यावर उभा असतो आणि बहुधा त्याच साठवणीत राहतो. मूळ फाइल गेली की तोही गेला. शिवाय बदलांची फाइल फुगत जाऊन साठवणीची जागा संपली, तर सारेच आभासी संगणक एकदम ठप्प होऊ शकतात. व्हीएमवेअर ही या क्षेत्रातील जुनी कंपनी स्वतःच सांगते की स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नये आणि एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक काळ ठेवू नये. तरीही ‘स्नॅपशॉट आहेत ना’ हे वाक्य सर्व्हरच्या खोल्यांत आजही निश्चिंतपणे उच्चारले जाते.

दुसरी फसगत क्षणाची. चालू यंत्राची प्रत घेताना काही माहिती डिस्कवर पोहोचलेली असते, काही अजून स्मृतीतच असते. विशेष काळजी न घेता घेतलेली प्रत म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरते, तेच. चांगला डेटाबेस स्वतःच्या नोंदवहीच्या आधारे त्यातून बहुधा सावरतो. पण रुग्णाची नोंद एका आभासी संगणकात, त्याच्या क्ष-किरण प्रतिमा दुसऱ्यात आणि देयके तिसऱ्यात असतील, आणि तिघांच्या प्रती रात्रीच्या तीन वेगवेगळ्या वेळी घेतल्या असतील, तर परत उभ्या केलेल्या यंत्रणेत नोंद आहे पण प्रतिमा नाही, किंवा प्रतिमा आहे पण ती कोणाची हे ठाऊक नाही, अशी अवस्था येते. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे निर्दोष असते आणि तिन्ही मिळून निरुपयोगी ठरतात. हिरवी खूण मात्र तिन्हींसमोर असते.

तिसरी फसगत साखळीची. रोज संपूर्ण डिस्कची प्रत घेणे परवडत नाही. म्हणून एकदा पूर्ण प्रत आणि मग रोज फक्त बदललेले भाग अशी पद्धत रूढ आहे. बदललेले भाग कोणते, हे हायपरव्हायजरच सांगतो. त्याने चुकीचे सांगितले तर? ही केवळ कल्पना नव्हे. व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरमध्ये २०१४ मध्ये नेमका असा दोष उघडकीस आला. आभासी डिस्कचा आकार विशिष्ट मर्यादेपलीकडे वाढवला की बदललेल्या भागांची यादी चुकीची मिळू शकत असे. बॅकअप रोज यशस्वी म्हणून नोंदवला जाई आणि त्यातील माहिती अपुरी असू शके. असा दोष एकाच मार्गाने पकडता येतो: प्रत उघडून, यंत्र चालू करून, आतली माहिती पाहून.

चौथी गोष्ट फसगतीहून गंभीर आहे. अनेक संगणक एका हायपरव्हायजरवर आले की शत्रूचेही काम सोपे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआय-आर्ग्स’ नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातील हजारो हायपरव्हायजर गाठले. वापरलेल्या फटीची दुरुस्ती कंपनीने दोन वर्षांपूर्वीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, उपलब्ध करून दिली होती. पहिल्या लाटेत हल्लेखोरांनी आभासी संगणकांच्या लहान वर्णन-फाइली कूटबद्ध केल्या. मोठ्या डिस्क-फाइली अनेक ठिकाणी बचावल्या. त्यामुळे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेला पुनर्बांधणीचा प्रोग्रॅम प्रसिद्ध करता आला. हल्लेखोरांनी लवकरच ती उणीव भरून काढली. पहिल्या लाटेतील ज्या संस्था वाचल्या, त्या शत्रूच्या चुकीमुळे वाचल्या.

अशा हल्लेखोराला बॅकअपचे महत्त्व संस्थेच्या प्रशासकापेक्षा अधिक कळते. तो आधी बॅकअप सर्व्हर शोधतो. तो सर्व्हर मुख्य यंत्रणेच्याच नेटवर्कात, त्याच प्रशासकीय पासवर्डवर चालत असेल, तर प्रती आणि मूळ एकाच फटक्यात जातात. बॅकअप उलगडण्याची कूटकिल्ली ज्या आभासी संगणकात ठेवली आहे, तोच बंद पडलेला असेल, तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली असे होते. हे दोन्ही दोष कागदावरील आराखड्यात दिसत नाहीत. पुनर्स्थापनेच्या पहिल्याच तालमीत मात्र अर्ध्या तासात उघडे पडतात.

तालीम न केल्याची किंमत काय असते, याचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज गिटलॅब या कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्याने घेतलाच जात नव्हता आणि तो घेतला जात नसल्याची सूचना देणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. अखेर एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. त्या सहा तासांतील माहिती कायमची गेली. हे घडले तेव्हा ती कंपनी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनाच सेवा पुरवत होती. संगणकशास्त्र हाच जिचा व्यवसाय, तिची ही कथा, तर ज्या संस्थेचा व्यवसाय रुग्णसेवा किंवा अध्यापन आहे, तिने केवळ हिरव्या खुणेवर विसंबावे का?

विज्ञानाच्या वाचकांना क्योतो विद्यापीठाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात तेथील महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतील ४ गटांची माहिती बॅकअपमधूनही परत मिळू शकली नाही. माहिती पुसणारा प्रोग्रॅम कोणता होता? बॅकअपचाच. तो चालू असतानाच त्याची सुधारित आवृत्ती त्यावर चढवली गेली. जुन्या नोंदी पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या फाइलींवर चालली. यंत्रपुरवठादार कंपनीने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली; पण जबाबदारी स्वीकारल्याने माहिती परत येत नाही.

संशोधनाच्या माहितीचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावे लागेल. देयक पुन्हा बनवता येते. गणिती प्रतिरूपही वेळ आणि वीज खर्चून पुन्हा चालवता येते. परंतु नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने एखाद्या रात्री टिपलेला क्षणिक आकाशीय स्फोट, एखाद्या भूकंपमापकाने नोंदवलेला धक्का, वीस वर्षे एकाच गावातील बालकांच्या वाढीच्या घेतलेल्या नोंदी ही निरीक्षणे पुन्हा घेता येत नाहीत. ती गेली की त्यांवर उभे राहू शकणारे सारे पुढचे विज्ञानही जाते. पीएचडीच्या चौथ्या वर्षातील विद्यार्थ्याची माहिती विभागाच्या सर्व्हरवरून नाहीशी झाली, तर त्याची बातमी होत नाही. एक प्रबंध दोन वर्षे लांबतो किंवा कधीच पुरा होत नाही, इतकेच.

या मागणीवर येणारे आक्षेप ठरलेले आहेत. ते एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप आकाराचा: ‘आमची माहिती एवढी मोठी आहे की तिचा बॅकअप घेणे व्यवहार्य नाही.’ दक्षिण कोरियाच्या सरकारने हाच युक्तिवाद केला होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्या साठवणीत होती, तिची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. सुमारे सव्वा लाख कर्मचारी ती वापरत होते. साठवण फार मोठी असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. जगातील अत्यंत प्रगत डिजिटल प्रशासनांपैकी एकाची ही गत. माहिती जमा करण्यासाठी पैसा आहे आणि तिची प्रत ठेवण्यासाठी नाही, असे म्हणणाऱ्या संस्थेने मुळात ती माहिती जमा करण्याचा अंदाजपत्रकी हिशेबच चुकीचा केलेला असतो.

आकाराचा खरा धडा निराळा आहे. १०० टेराबाइट माहिती सेकंदाला १० गिगाबिट वेगाने परत आणायची तर अडथळ्याविना सुमारे २२ तास लागतात. सेकंदाला १ गिगाबिट वेगाने नऊ दिवसांहून अधिक. हे साधे भागाकाराचे गणित आहे. ते निविदा काढण्यापूर्वी मांडले, तर रुग्णालय किती काळ बंद राहील हे हल्ल्याआधीच कळते आणि कोणते आभासी संगणक सर्वांत आधी उभे करायचे, हेही ठरवता येते. आधी ओळख आणि पत्ते सांगणाऱ्या मूलभूत सेवा, मग डेटाबेस, मग त्यावरचे प्रोग्रॅम, असा क्रम लागतो. तो ज्याच्या डोक्यात आहे तो कर्मचारी त्या दिवशी रजेवर असेल, तर बाकीचे सारे अंधारात चाचपडतात.

दुसरा आक्षेप क्लाउडचा: ‘आता सारे क्लाउडवर आहे, काळजी कंपनी घेते.’ मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधीचे गुगल क्लाउडवरील आभासी संगणकांचे संपूर्ण खाजगी जाळे पुसले गेले. ते उभारताना गुगलकडून एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे त्याला आपोआप एक वर्षाची मुदत लागली आणि मुदत संपताच ते नाहीसे झाले. सहा लाखांहून अधिक सदस्यांची सेवा आठवडाभराहून अधिक काळ विस्कळीत राहिली. निधीने आपल्या प्रती दुसऱ्या एका सेवादात्याकडेही ठेवल्या होत्या आणि त्या उभारणीत कामी आल्या. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले यंत्र. इमारत दुसऱ्याची झाली म्हणून माहिती गमावण्याचे परिणाम दुसऱ्याचे होत नाहीत.

तिसरा आक्षेप प्रतिबिंबाचा: ‘आमची माहिती एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिली जाते.’ यंत्र बिघडले तर हा उपाय उत्तम आहे. पण चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही त्याच क्षणी पुसली जाते, आणि कूटबद्ध झालेली माहिती दुसऱ्या ठिकाणीही कूटबद्धच पोहोचते. आरशात पाहून चेहऱ्यावरचा डाग जात नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम म्हणूनच टिकून आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. आजच्या काळात त्यात आणखी दोन अटी घातल्या जातात. एक प्रत अशी हवी की ती प्रशासकालाही ठरलेल्या मुदतीपूर्वी पुसता येऊ नये. आणि पुनर्स्थापनेच्या चाचणीत चुकांची संख्या शून्य हवी. या शेवटच्या अटीकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, कारण बाकीच्या अटी खरेदी करून पूर्ण करता येतात. ही मात्र काम करूनच पूर्ण करावी लागते.

चौथा आक्षेप धोक्याचा: ‘तालीम करताना चालू यंत्रणा बिघडली तर?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. परत उभा केलेला आभासी संगणक तोच पत्ता, तेच नाव घेऊन जागा होतो; तो चुकून चालू नेटवर्कात सोडला तर दोन जुळी यंत्रे एकमेकांशी भांडतात, रुग्णांना जुन्या तारखांचे संदेशही जाऊ शकतात. म्हणून तालीम बंदिस्त, वेगळ्या नेटवर्कात करतात. आभासी यंत्रांमुळे हे पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त झाले आहे. त्यासाठी दुसरी इमारत लागत नाही. आणि शांत दिवशी, सर्व तज्ज्ञ हजर असताना पुनर्स्थापना करणे ज्या संस्थेला धोक्याचे वाटते, ती संस्था संकटाच्या रात्री ते काम कसे करणार?

भारतात हे घडू शकत नाही, असेही म्हणता येणार नाही; कारण ते घडलेले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही व्यवहार तेथे हलवले गेले नाहीत. सेबीने महिन्याभरात नियम कडक केले: संकट ३० मिनिटांच्या आत जाहीर करायचे, त्यानंतर ४५ मिनिटांत यंत्रणा उभी करायची आणि १५ मिनिटांहून अधिक काळाची माहिती गमवायची नाही. त्यानंतर २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडला गेला आणि खरे व्यवहार आधी मुख्य व मग पर्यायी केंद्रावरून करून पाहिले गेले. संपूर्ण देशासमोर, वेळापत्रक आधी जाहीर करून. रिझर्व्ह बँकेच्या ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांतही महत्त्वाच्या यंत्रणांची आपत्कालीन तालीम किमान सहा महिन्यांतून एकदा करावी आणि बॅकअप घेतलेली माहिती ठरावीक काळाने परत उतरवून तिची उपयुक्तता तपासावी, असे सांगितले आहे.

म्हणजे ज्ञान आहे, तंत्र आहे, अनुभव आहे आणि नियम घालण्याची इच्छाशक्तीही आहे. ती जिथे पैशाचे व्यवहार होतात तिथे दिसते. शेअरची खरेदी चार तास थांबली तर नियामक मिनिटांत बोलू लागतो. रुग्णालय दोन आठवडे थांबले तर ‘माहिती परत मिळाली’ या वाक्यावर विषय संपतो. या असमतोलाचे समर्थन कोणत्या तर्कावर करता येईल? रुग्णाच्या रक्तगटाची नोंद समभागाच्या भावापेक्षा कमी मोलाची आहे का?

सार्वजनिक संस्थांसाठी सूचनाच नाहीत, असे नाही. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सायबर घटना सहा तासांच्या आत कळवण्याचे बंधन घातले आणि जून २०२३ मध्ये सरकारी संस्थांसाठी माहिती-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. परंतु घटना कळवणे म्हणजे यंत्रणा उभी करणे नव्हे, आणि मार्गदर्शक तत्त्वांचे पालन झाले की नाही हे ज्याच्या माहितीचा प्रश्न आहे त्या नागरिकाला कळण्याचा मार्ग हवा. नाहीतर कागदी घोडे नाचवण्यात या देशाचा हात कोणी धरू शकत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने, विद्यापीठाने आणि संशोधन संस्थेने वर्षातून किमान एकदा आपल्या महत्त्वाच्या आभासी संगणकांची बॅकअपमधून संपूर्ण पुनर्स्थापना करून पाहावी आणि चार गोष्टी जाहीर कराव्यात: तालमीची तारीख, उभ्या करायच्या यंत्रणांपैकी किती उभ्या राहिल्या, त्याला लागलेला वेळ, आणि गमावलेल्या माहितीचा कालावधी. ‘यामुळे हल्लेखोरांना माहिती मिळेल’ हा पाचवा आक्षेप येथे येईल. तारीख आणि तास सांगितल्याने कोणतेही कुलूप उघडत नाही. शेअर बाजाराने तर तालमीचा दिवस आधीच सांगितला होता. आकडे लपवल्याने हल्लेखोरापासून संरक्षण होत नाही. संरक्षण होते ते न केलेल्या कामाचे.

या मागणीत विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. विभागाच्या सर्व्हरवर प्रबंधाची माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विभागप्रमुखांना, संगणक केंद्राला, गरज पडल्यास माहिती अधिकाराच्या अर्जातून, एकच प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: शेवटची पुनर्स्थापना कधी करून पाहिली? उत्तरात तारीख आली तर त्या संगणक केंद्रातील कर्मचाऱ्यांचे मनापासून आभार मानावेत. ते काम कंटाळवाणे, अदृश्य आणि बहुधा कौतुकाविना होणारे असते. उत्तरात ‘बॅकअप रोज घेतला जातो’ असे आले, तर त्याच संध्याकाळी आपल्या माहितीची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.